नगर मंडळाच्या बैठकीतली प्रार्थना : अमेरिकेतील एका वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील बऱ्याच गावांत आणि काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागांत, स्थानिक मंडळाच्या बैठकीची सुरुवात प्रार्थनेने होते. हजेरी घेतली जाते, राष्ट्रध्वजाला वंदन होते, मग एखादा आमंत्रित धर्मगुरू थोडा वेळ बोलतो आणि त्यानंतर रस्ते, गटारे, बांधकाम परवाने हे विषय पुकारले जातात. ही प्रथा घटनेत बसते की नाही, हा तिथला जुना वाद आहे. तो मांडताना दोन्ही बाजू अठराव्या शतकाचा दाखला देतात. पण तो दाखला आहे देशाच्या प्रतिनिधिगृहांचा, आणि खटले उभे राहिले ते जिथे सामान्य नागरिक स्वतःचा अर्ज घेऊन येतो अशा सभागृहांतून. बराचसा गोंधळ या अंतरातून झाला आहे.

सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात पहिली काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरली, तेव्हा कामकाजाआधी प्रार्थना असावी अशी सूचना आली. जॉन जे आणि जॉन रटलेज यांनी हरकत घेतली : सभेत निरनिराळ्या पंथांचे लोक बसलेले असताना सर्वांनी एकत्र उपासना करायची कशी? सॅम्युएल अ‍ॅडम्स यांनी, माणूस सदाचारी आणि देशाचा मित्र असला तर त्याची प्रार्थना ऐकायला आपली ना नाही, असे सांगून तो प्रश्न मिटवला आणि ७ सप्टेंबरला अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे) धर्मगुरू जेकब डुशे यांनी बायबलमधले पस्तिसावे स्तोत्र वाचले. हेच डुशे पुढे इंग्रजांच्या बाजूला गेले आणि १७७७ मध्ये त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वातंत्र्याची घोषणा मागे घेण्याविषयी पत्र लिहिले. प्रथेचे गोडवे गाताना एवढा भाग सहसा गाळला जातो. १७८७ च्या घटना परिषदेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी रोजच्या प्रार्थनेचा प्रस्ताव मांडला, तो मात्र पुढे सरकला नाही. तीन-चार जण सोडले तर परिषदेला प्रार्थना अनावश्यक वाटल्या, अशी नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली.

तरीही १७८९ च्या पहिल्या काँग्रेसने, म्हणजे नव्या घटनेनुसार भरलेल्या संसदेने, दोन्ही सभागृहांसाठी पगारी धर्मगुरू नेमले. त्यांच्या वेतनाचा कायदा झाल्यानंतर तीनच दिवसांत, म्हणजे २५ सप्टेंबरला, याच काँग्रेसने घटनादुरुस्त्यांचा अंतिम मसुदा संमत केला आणि सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये, हे कलम त्यातलेच आहे. तारखांची ही जवळीक पुढे कोर्टात फार कामाला आली. त्या काळातले एक प्रमुख सूत्रधार जेम्स मॅडिसन यांनी निवृत्तीनंतरच्या टिपणांत अशा पगारी नेमणुका घटनेशी विसंगत ठरवल्या होत्या, पण त्यांचे हे मत त्या मानाने बाजूला पडले.

गावपातळीवर हा प्रश्न दीड शतक कायद्याच्या कक्षेतच नव्हता, कारण हे कलम फक्त केंद्रीय सत्तेला लागू होते. १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यांना आणि पर्यायाने स्थानिक संस्थांना लागू केले, तेव्हा दार उघडले. आधी शाळांचा विषय आला. १९६२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने तयार केलेली शालेय प्रार्थना रद्द झाली, १९९२ मध्ये पदवीदान समारंभातली धर्मगुरूची प्रार्थना आणि २००० मध्ये टेक्सासमधल्या शालेय फुटबॉल सामन्यांपूर्वी ध्वनिक्षेपकावरून होणारी प्रार्थनाही घटनाबाह्य ठरली. कोवळ्या वयाच्या मुलांवर सूक्ष्म दबाव येतो, हा या निकालांमागचा मोठा आधार होता.

विधिमंडळांना वेगळा न्याय मिळाला. नेब्रास्काचे आमदार अर्नेस्ट चेंबर्स यांनी आपल्याच सभागृहातल्या पगारी धर्मगुरूविरुद्ध दावा लावला. हे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे धर्मगुरू १९६५ पासून त्या पदावर होते आणि त्यांना महिन्याला ३१९ डॉलर ७५ सेंट मिळत. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी चेंबर्स हरले. ज्यांनी कलम लिहिले त्यांनीच धर्मगुरू नेमले, तेव्हा दोहोंत विरोध असूच शकत नाही, असा युक्तिवाद बहुमताने स्वीकारला. इथे तक्रारदार, श्रोते आणि निर्णय घेणारे सगळे एकाच सभागृहाचे सभासद होते, याची दखल मात्र त्या वेळी फारशी कोणी घेतली नाही.

ती घ्यावी लागली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस या गावामुळे. रॉचेस्टरला लागून असलेल्या या सुमारे ९४ हजार वस्तीच्या गावात १९९९ पर्यंत बैठकीआधी क्षणभर शांतता पाळली जात असे. त्या वर्षापासून धर्मगुरूंना बोलावण्याची पद्धत सुरू झाली. कार्यालयातले कर्मचारी स्थानिक निर्देशिकेतली प्रार्थनास्थळे बघून फोन करीत आणि त्यात चर्चेसच होती, त्यामुळे २००७ पर्यंत येणारा प्रत्येक जण ख्रिस्तीच होता. यादी कोणी मुद्दाम गाळून केली नव्हती, ती आपसूक तशी झाली होती. एक ज्यू आणि एक निरीश्वरवादी अशा दोन रहिवासी महिलांनी तक्रार केल्यावर २००८ मध्ये एक ज्यू नागरिक, एक बहाई प्रतिनिधी आणि विक्का या आधुनिक निसर्गपूजक पंथाची एक पुजारीण यांना पाचारण केले गेले. पुढे यादी पुन्हा पहिल्या वळणावर गेली.

या महिलांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी गाव जिंकले. न्यायमूर्ती केनेडी यांच्या मते अशी प्रार्थना मुख्यतः मंडळाच्या सदस्यांसाठी असते, ती सर्वधर्मी असलीच पाहिजे असे नाही आणि प्रौढ नागरिकाला नको असेल तर तो बाहेर जाऊ शकतो. १९९२ मध्ये विद्यार्थ्यांवरच्या दबावाबद्दलचा निकाल लिहिणारेही हेच केनेडी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. न्यायमूर्ती केगन यांनी नेब्रास्काचा निकाल मान्य करूनच विरोधी मत दिले. ग्रीसमध्ये धर्मगुरू मंडळाकडे पाठ करून लोकांकडे तोंड करतो, ‘आपण प्रार्थना करू या’ म्हणतो आणि समोर काही मिनिटांत याच मंडळापुढे आपले काम मांडायला येणारी माणसे बसलेली असतात. तिथे उठून जाणे म्हणजे निर्णय देणाऱ्यांच्या डोळ्यांवर येणे, असे त्यांचे म्हणणे. हे मत मला अधिक वस्तुनिष्ठ वाटते, कारण त्यात खोलीतली बसण्याची व्यवस्थासुद्धा पुरावा म्हणून तपासली आहे.

इतर देशांनी वेगळे रस्ते धरले. इंग्लंडमध्ये २०१२ साली बिडेफर्ड नगर परिषदेच्या प्रार्थना बेकायदा ठरल्या, पण परिषदेला तसा अधिकारच कायद्याने दिलेला नाही एवढ्याच मुद्द्यावर. २०१५ मध्ये संसदेने तो अधिकार देऊन टाकला. त्याच वर्षी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्विबेकमधल्या सॅगने शहराची प्रार्थना एकमताने बंद केली.

अमेरिकेत २०१४ नंतर दोन नवे पेच आले. सर्वांना संधी द्यायची म्हटल्यावर फिनिक्सच्या परिषदेत २०१६ साली ‘सेटॅनिक टेंपल’ या सैतानाला प्रतीक मानणाऱ्या गटाची पाळी लागली, तेव्हा परिषदेने पाच विरुद्ध चार मतांनी प्रार्थनाच थांबवून मौन स्वीकारले आणि थोड्याच काळात पोलीस व अग्निशमन दलाच्या धर्मगुरूंकरवी ती पुन्हा सुरू केली. दुसरा पेच अधिक अवघड आहे : बाहेरचा धर्मगुरू न बोलावता निवडून आलेले सदस्यच प्रार्थना म्हणू लागले तर काय? २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील रोवन काउंटीची अशी प्रथा चौथ्या सर्किटच्या (काही राज्ये मिळून केलेल्या न्यायविभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, तर मिशिगनमधील जॅक्सन काउंटीची जवळपास तशीच प्रथा सहाव्या सर्किटने वैध ठरवली. जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणे ऐकायला नकार दिला आणि हे परस्परविरोधी निकाल आपापल्या भागांत तसेच लागू राहिले.