वृक्षाम्ल, कुडंपुळी आणि ‘गार्सिनिया’

चरकसंहितेच्या हृद्य गणात, म्हणजे हृदयाला हितकर द्रव्यांच्या यादीत, वृक्षाम्ल आणि अम्लवेतस ही दोन आंबट द्रव्यांची नावे वेगवेगळी येतात, म्हणजे तेव्हा नावांचा घोळ नव्हता. आज वृक्षाम्ल म्हणजे आपल्याकडे कोकम, केरळात मात्र कुडंपुळी हे कोकमाच्या जातकुळीतले आंबट फळ. १५६३ साली गोव्यात छापलेल्या पोर्तुगीज वैद्यकग्रंथात भिरंडीचा, म्हणजे कोकमाचा, उल्लेख आहे. घराघरांतला वापर सांगायला नकोच: पित्त उठले की अंगाला आमसुलाचे पाणी, टाचा फुटल्या की बियांचे तेल.

खरा गोंधळ पुढचा. कंबोडियाकडून येणारा पिवळा डिंक जालीम रेचक होता. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८व्या शतकात तो मलबारच्या कुडंपुळीचाच समजून तिला ‘कँबोजिया’ नाव चिकटवले. डिंक निघाला दुसऱ्याच झाडाचा. पुढे कुडंपुळीचे शास्त्रीय नाव बदलले, पण वजन घटवणाऱ्या गोळ्यांच्या बाटल्यांवर अजूनही ‘गार्सिनिया कँबोजिया’च छापतात. त्यातला ‘गार्सिनिया’ हा शब्द तर कोकम, कुडंपुळी, मँगोस्टीन या सगळ्यांचे आडनाव, म्हणजे प्रजातीचे सामायिक नाव. एका भावाची कीर्ती दुसऱ्याच्या नावावर जाते ती इथे.

कुडंपुळीतले मुख्य आम्ल सायट्रिक किंवा टार्टारिक नसून हायड्रॉक्सिसायट्रिक आहे, हे १९६५ साली दाखवले गेले. कोकमाच्या सालीतही ते आहे. साखरेपासून चरबी बनवणाऱ्या वाटेवरचे एक एन्झाइम ते अडवते, हे १९६९चे संशोधन. एवढ्या धाग्यावर वजन घटवणाऱ्या गोळ्यांचा धंदा उभा राहिला! १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड व्यक्तींवर १२ आठवडे चाचणी झाली. रोज दीड ग्रॅम आम्ल घेणारे आणि नकली गोळी घेणारे, यांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. २००९ साली तिथल्या औषध नियामकांनी यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींवरून एका लोकप्रिय ब्रँडच्या गोळ्या घेऊ नका, असे बजावले. त्यांतल्या काहींत हे आम्ल होते, पण सोबत इतर घटकही होते. म्हणून सगळा दोष फळावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. तितकेच खरे हे की, सोलकढीची वाटी आणि अर्काची गोळी यांच्या मात्रेत फार अंतर आहे. आजी आमसूल देत होती म्हणून गोळी निर्धोक ठरत नाही.

कोकमाच्या सालीतला पिवळा गार्सिनॉल अलीकडे चर्चेत आहे. २००४ साली बंगळूरच्या संशोधकांनी तो पेशीतल्या जनुकांचे नियमन करणारी काही एन्झाइमे रोखतो, असे दाखवले. ते काम प्रयोगशाळेतले होते, रुग्णांवरचे नव्हे.