बंदुकीची पुंगळी

माझा शेजारी दर वर्षी मूसच्या (घोड्याएवढं मोठं हरीण) शिकारीला जातो. नॉर्वेत सप्टेंबरच्या शेवटी सीझन सुरू होतो आणि त्याआधी दर वर्षी शूटिंगची टेस्ट पास व्हावी लागते, १०० मीटरवर ५ गोळ्या, आणि टेस्टला बसण्याआधी किमान ३० गोळ्यांचा सराव. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा विषयच संपवला, त्यामुळे मला हे सगळं नवीनच. तर सरावाला तो मला पण घेऊन गेला. मी आधीच ऐट मारून ठेवली होती की कॉलेजला एनसीसीत पॉइंट टू टू (.२२ ची छोटी रायफल) चालवलीय, मला काही विशेष वाटणार नाही.

त्यानं हातात दिली मोठ्या शिकारीची .३०८ ची रायफल. पहिली गोळी उडाली आणि खांद्याला असा दणका बसला की टार्गेट कुठे, मी कुठे, काहीच कळेना. दुसरी, तिसरी तशीच. चौथीला मी चाप ओढला, नुसतं 'टिक' झालं, गोळी सुटलीच नाही, पण नळी मात्र चांगली वीतभर खाली गेली आणि माझे डोळे गच्च मिटलेले! त्यानं गुपचूप मध्येच एक डमी काडतूस भरलं होतं. धक्का बसायच्या आधीच माझं अंग धक्क्याला घाबरून नळी खाली ढकलत होतं, आणि हे सगळं गोळी नळीत असतानाच्या त्या एक-दीड मिलिसेकंदात नाही, त्याच्याही आधी. नेम चुकतो तो बहुतेक वेळा असा, बंदूक वाईट असते म्हणून नाही.

आता दणका येतो कुठून ते बघू, कारण गंमत तिथेच आहे. न्यूटनचा नियम शाळेत घोकलेला असतो, गोळी पुढे बंदूक मागे. साधारण हिशोब करून बघा: गोळी ९.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८६० मीटर, ग्रॅमचे किलो करून गुणाकार केला की संवेग येतो ८.३. पण नळीतून फक्त गोळी बाहेर पडत नाही. काडतुसात जवळपास ३ ग्रॅम दारू (ती बंदुकीची हो) असते, तिचा जळून गॅस होतो, आणि गोळी बाहेर पडली की मागचं बूच निघाल्यासारखा तो गॅस गोळीपेक्षाही जोरात सुटतो. त्याचा संवेग धरा साडेतीन-पावणेचार. म्हणजे एकूण १२, आणि त्यातला तीस टक्क्यांच्या आसपास वाटा नुसत्या गॅसचा! रायफल दुर्बिणीसकट साडेतीन किलोची असेल तर ती सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास वेगानं मागे येते, ऊर्जा साधारण २० ज्यूल. दोन किलोची साखरेची पिशवी एक मीटरवरून खांद्यावर पडली तर जेवढं, तेवढं समजा. तिकडे गोळीकडे ३,६०० ज्यूल असतात, म्हणजे वाटणीत आपल्याकडे फारच थोडं येतं, नाहीतर शिकारीच आडवा झाला असता.

एनसीसीतली पॉइंट टू टू ह्याच गणितात बसवली तर एक ज्यूलसुद्धा येत नाही. माझी ऐट तिथेच गेली.

मग दणका कमी कसा करायचा? सगळ्यात सोपं म्हणजे बंदूक जड करा. तीच गोळी अडीच किलोच्या हलक्या रायफलीतून मारली तर ऊर्जा २० वरून २९ ज्यूलवर जाते, चार किलोच्या रायफलीतून १८ वर येते. पण ही जड रायफल दिवसभर डोंगरात खांद्यावर वाहून न्यायची कुणी, हा प्रश्न उरतोच, आणि दुकानात तर हलक्या रायफलीच जास्त भाव खातात. दुसरं म्हणजे दस्त्याच्या मागे मऊ रबरी पॅड. ट्रकमधून कलिंगडं उतरवणारी माणसं बघितलीयत ना, झेलताना हात कसे पोटाकडे मागे नेतात? संवेग तेवढाच, पण थांबायला वेळ जास्त मिळाला की जोर कमी लागतो, पॅड नेमकं तेच करतं. आणि दस्ता खांद्याला घट्ट लावायचा, सैल धरला तर रायफल मधल्या जागेत मोकळी पळत येते आणि मग आदळते. दुर्बिणीला डोळा चिकटवून बसणाऱ्याची तर भुवईच फुटते, अशी अर्धचंद्राची खूण मिरवणारे दोघं जण त्या रेंजवरच भेटले.

हे झालं रायफलीचं आणि अंगाचं. गोळीला हात लावता येत नाही, तिला तर जोरात जायचंच आहे. उरला तो गॅस. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची, दणक्यातला हा गॅसचा वाटा आणि तो कानठळ्या बसवणारा धडाम आवाज, दोन्हीचा धनी एकच. गोळी सुटते तेव्हा नळीच्या तोंडाशी गॅसचा दाब हवेच्या शेकडो पट असतो, तो एका क्षणात मोकळा झाला की धडाम. म्हणजे गॅसचं तुम्ही जे कराल त्याचा परिणाम खांद्यावर आणि कानावर एकदमच होणार.

मझल ब्रेक नावाचा प्रकार असतो, नळीच्या टोकाला लावायचा, बाजूला भोकं असलेला तुकडा. गॅस पुढे जायच्या ऐवजी बाजूला आणि थोडा मागे वळतो, त्यामुळे बंदूक उलट पुढे ओढली जाते, दणका चांगलाच कमी होतो. पण वळवलेला गॅस जातो कुठे, तर तुमच्याच आणि बाजूच्याच्या तोंडावर. रेंजवर कुणी ब्रेकवाला आला की आजूबाजूचे चार बाक आपोआप रिकामे होतात. खांद्याचं दुखणं कानावर ढकललं, दुसरं काय. माझ्या मते तर शिकारीच्या रायफलीला हा प्रकार लावूच नये, खांदा आठ दिवसांत बरा होतो, कान होत नाही.

कानाचं जरा सविस्तर सांगतो. अशा रायफलीचा आवाज १६५ ते १७० डेसिबलपर्यंत जातो, आणि अशा क्षणिक आवाजाची मर्यादा बऱ्याच देशांच्या नियमात १४० धरलेली आहे. आता डेसिबलचं गणित फसवं असतं, ३० डेसिबल जास्त म्हणजे आवाजाची तीव्रता १,००० पट. कानात मोठ्या आवाजाला आवरणारे छोटे स्नायू असतात खरे, पण त्यांना आवळायला दहा-वीस मिलिसेकंद तरी लागतात आणि तोवर सगळा कारभार आटोपलेला असतो. आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी एका कानात १५,००० च्या आसपास, गेल्या की गेल्या, परत उगवत नाहीत. आधी जातात त्या ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक आवाजांच्या, त्यामुळे माणूस म्हणतो मला ऐकू येतं, पण कळत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर स, श, थ, फ ही मंडळी आधी पुसट होतात, 'साप' म्हटलं की 'शाप' म्हटलं ते पुढच्या वाक्यावरून ओळखायचं. माझा शेजारी उजव्या खांद्यावरून बंदूक चालवतो, म्हणजे डावा कान नळीच्या बाजूला आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. तीस वर्षं असं झाल्यावर आता चालताना तो मला कायम उजवीकडे घेतो.

मग इअरमफ घालायचे ना? रेंजवर घालतातच, आत बोळे आणि वरून मफ असे दोन्ही. पण जंगलात पाचोळ्यावर कुठे पाऊल वाजलं ते ऐकायचं असतं, तिथे मफ बरेच जण काढून ठेवतात, आणि बरोबरच्या कुत्र्याला कोण घालणार? म्हणून नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंड अशा ठिकाणी शिकारी सर्रास सायलेन्सर लावतात, ते चोरीचं काम समजत नाहीत. अमेरिकेत मात्र १९३४ च्या कायद्यानं त्यावर २०० डॉलरचा कर बसवला होता, तो २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी राहिलीच.

सायलेन्सरची मूळ कथा पण मजेशीर आहे. मॅक्सिम मशीनगन बनवणारे हायरम मॅक्सिम स्वतःच्याच बंदुकांच्या आवाजानं बहिरे झाले, आणि त्यांच्या मुलानं, हायरम पर्सी मॅक्सिमनं, १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. तेच तत्त्व त्यानं इंजिनाच्या मफलरला पण वापरलं. म्हणजे आपल्याकडे बुलेटची पुंगळी बदलून गावभर फटफट करत फिरणारे आणि नॉर्वेचा शिकारी एकाच यंत्राशी उलटसुलट खेळतायत (बुलेटवर बुलेट हा विनोद मी मुद्दाम टाळतोय).

आतमध्ये विशेष काही नसतं, डब्यात एकामागे एक चकत्या, मधून गोळी जाण्याइतकं भोक. गॅस प्रत्येक खोलीत अडकतो, फिरतो, गार होतो आणि मग सावकाश बाहेर येतो. कुकरची शिट्टी एकदम उचलणं आणि वाफ हळूहळू जिरू देणं, ह्यात जो फरक तोच. आवाज २० ते ३० डेसिबल उतरतो, गॅस हळू सुटल्यामुळे दणका पण उतरतो, वर नळीच्या टोकाला तीन-चारशे ग्रॅम वजन वाढल्यानं तोंड उडत नाही.

पण सिनेमातलं 'फुक्' विसरा. १७० मधून ३० गेले तरी १४० उरतात, बोळे घालावेतच. शिवाय गोळी आवाजाच्या अडीच पट वेगानं जाते, तिचा स्वतःचा कडाका वाटभर होत राहतो आणि त्याला कुठलाच डबा अडवू शकत नाही. पोतराजाचा आसूड कडाडतो ना, तो पण ह्याच कारणानं, आसुडाचं टोक आवाजापेक्षा पुढे पळतं म्हणून. त्रासही आहेत: नळी वीतभर लांब होते, झाडीत अडकते, लागोपाठ दहा गोळ्या मारल्या की डबा तापून दुर्बिणीसमोर हवा थरथरते, आणि घरी आल्यावर काढून सुकवला नाही तर आतला ओलावा नळी गंजवतो. शेजारी तो स्वयंपाकघरात हीटरवर उभा करून ठेवतो, बायको रोज ओरडते.

मला त्यानं दुपारनंतर सायलेन्सर लावून दिला. दणका थोडाच कमी वाटला, पण तो धडाम गेला आणि खांदा आपोआप सैल झाला, म्हणजे मी घाबरत होतो ते खांद्यापेक्षा आवाजालाच. शेवटच्या पाचात त्यानं परत एक डमी घातलंच होतं. 'टिक' झालं. नळी ह्या वेळी पण हलली, पण बोटभरच.