टॅब्लॉइड वृत्तपत्रांचे पहिले पान : भाषा आणि माणसांचे चित्रण

ब्रॉडशीटच्या, म्हणजे मोठ्या पानाच्या पारंपरिक वृत्तपत्राच्या, साधारण निम्म्या आकाराच्या, खपासाठी सुट्या विक्रीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या लोकप्रिय वृत्तपत्राचे दर्शनी पान. त्यावर बहुधा एकच बातमी असते: चार-पाच शब्दांचा अवाढव्य मथळा, एक मोठे छायाचित्र आणि मजकुराच्या मोजक्या ओळी. सविस्तर बातमी आतल्या पानांवर असते, पण तिच्यातल्या माणसांबद्दलचा निकाल पुष्कळदा पहिल्या पानावरच लागलेला असतो. ही रीत ब्रिटनमध्ये सर्वांत जोमाने वाढली, म्हणून पुढील उदाहरणे मुख्यतः तिथली आहेत.

अ‍ॅल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी १८९६ मध्ये ‘डेली मेल’ अर्ध्या पेनीला विकायला काढले आणि १९०३ मध्ये ‘डेली मिरर’ सुरू केले. अमेरिकेत ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’ १९१९ मध्ये निघाले. रूपर्ट मरडॉक यांनी १९६९ मध्ये ‘द सन’ विकत घेऊन त्याचा आकार लहान केला आणि आजचा सूर तिथून घट्ट झाला. २००४ मध्ये ‘द टाइम्स’नेही लहान आकार स्वीकारला, तेव्हा टॅब्लॉइड ही आकारापेक्षा शैलीची ओळख उरली.

पान अरुंद आणि अक्षरे मोठी असल्याने मथळ्यात लांब शब्द मावत नाहीत. त्यातून इंग्रजी उपसंपादकांचा एक वेगळा शब्दसाठा तयार झाला. मतभेदाला ‘रो’, चौकशीला ‘प्रोब’, टीकेला ‘ब्लास्ट’, कपातीला ‘अ‍ॅक्स’. हे शब्द आखूड आहेत तसे आक्रमकही आहेत. साध्या मतभेदाचे भांडण होते, खर्चकपातीवर कुऱ्हाड कोसळते आणि जगात सतत कुणीतरी कुणावर तुटून पडले आहे, असे चित्र रोज सकाळी उभे राहते. जोडीला यमक, अनुप्रास आणि श्लेष असतात. १ नोव्हेंबर १९९० रोजी ‘द सन’ने युरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाक डेलोर यांना उद्देशून ‘अप युअर्स डेलॉर्स’ असा शिवराळ मथळा छापला. वाद युरोपच्या सामाईक चलनाचा होता, पण मथळ्यात त्याचा मागमूस नाही. यमक जुळले की युक्तिवाद करावाच लागत नाही.

न बोललेले वाक्य एखाद्याच्या तोंडी घालणे ही आणखी एक युक्ती. न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी मदत नाकारली. ३० ऑक्टोबर १९७५ रोजी ‘डेली न्यूज’चा मथळा होता: ‘फोर्ड टू सिटी: ड्रॉप डेड’, म्हणजे फोर्ड शहराला म्हणतात, मर जा. फोर्ड यांनी हे शब्द कधीही उच्चारले नव्हते, तरी ते त्यांना आयुष्यभर चिकटले.

‘आपण’ कोण हेही हेच पान ठरवते. जर्मन पोप निवडून आल्यावर जर्मनीतील ‘बिल्ड’ या टॅब्लॉइडने २० एप्रिल २००५ रोजी ‘आपण पोप झालो’ असा मथळा दिला आणि एका माणसाच्या निवडीत सारा देश ओढला. ही आपुलकी निरुपद्रवी होती. २४ जून १९९६ रोजी, युरो स्पर्धेतील इंग्लंड-जर्मनी उपांत्य सामन्यापूर्वी, ‘डेली मिरर’ने इंग्लंडच्या दोन खेळाडूंच्या डोक्यावर लष्करी शिरस्त्राणे चढवली आणि ‘अख्तुंग! सरेंडर’, म्हणजे ‘सावधान! शरण या’, असे छापले. फुटबॉलचे महायुद्ध झाले आणि समोरचे खेळाडू शत्रू झाले.

शब्दांची निवड किती जाणीवपूर्वक असते, हे एकाच रात्री बदललेल्या मथळ्यांत दिसते. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील फॉकलंड युद्धात ‘जनरल बेल्ग्रानो’ ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडाली, तेव्हा ४ मे १९८२ च्या ‘द सन’ने पहिल्या आवृत्तीत ‘गॉचा’ म्हटले, म्हणजे ‘सापडलास!’. जीवितहानीचा अंदाज येताच मथळा बदलून ‘१,२०० आर्जीज बुडाले काय?’ असा झाला. मृतांचा आकडा अखेर ३२३ ठरला. जल्लोषाची जागा प्रश्नचिन्हाने घेतली, पण मेलेल्यांसाठी ‘आर्जीज’ हे हिणवणारे नाव तसेच राहिले. सप्टेंबर २००३ मध्ये मुष्टियोद्धा फ्रँक ब्रुनो मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल झाले. त्याच पत्राने आधी ‘बॉन्कर्स ब्रुनो लॉक्ड अप’ छापले, म्हणजे वेडा ब्रुनो कोंडला. संतापाचे फोन सुरू झाल्यावर ‘बॉन्कर्स’च्या जागी ‘सॅड’ आले. रुग्ण तोच होता, पण अनुप्रासासाठी आधी त्याची प्रतिष्ठा पणाला लावली गेली होती.

सर्वांत गंभीर उदाहरण हिल्सबरोचे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीने लिव्हरपूलच्या ९७ प्रेक्षकांचा जीव घेतला. चार दिवसांनी ‘द सन’ने ‘द ट्रूथ’ या मथळ्याखाली तीन आरोप छापले: काही चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, काहींनी शूर पोलिसांवर लघवी केली, काहींनी श्वास देणाऱ्या पोलिसाला मारले. या ओळींची रचना नीट पाहावी. तिन्हींचा कर्ता ‘काही चाहते’, म्हणजे नाव नसलेले कुणीही, आणि म्हणून सगळेच. ‘शूर’ हे विशेषण पोलिसांना मिळाले. हे कोण म्हणतो, ते या ओळींत नाही. म्हणणाऱ्याच्या जागी ‘सत्य’ हा शब्द बसवला. स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये हे आरोप निराधार ठरवले, तेव्हा पत्राने ‘द रिअल ट्रूथ’ म्हणत माफी मागितली. मधली २३ वर्षे शोकाकुल कुटुंबांनी तो कलंक सोसला. लिव्हरपूलमधला त्या पत्रावरचा बहिष्कार टिकला आहे, आणि तो योग्यच आहे.

स्त्रियांच्या बाबतीत पद अदृश्य होते आणि शरीर उरते. पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्या भेटीवर २८ मार्च २०१७ रोजी ‘डेली मेल’ने विचारले, ब्रेक्झिटचे सोडा, ‘लेग्ज-इट’ (लेग्ज म्हणजे पाय) कोणी जिंकले? दोन सरकारांच्या प्रमुख पायांच्या स्पर्धेत उभ्या केल्या गेल्या.

हीच हत्यारे न्यायासाठीही वापरली गेली आहेत. कृष्णवर्णीय तरुण स्टीफन लॉरेन्स याच्या खुनाबद्दल ‘डेली मेल’ने १४ फेब्रुवारी १९९७ रोजी पाच जणांची छायाचित्रे ‘मर्डरर्स’ या एका शब्दाखाली छापली आणि आम्ही चुकत असू तर दावा लावा, असे आव्हान दिले. त्यांतील दोघे २०१२ मध्ये दोषी ठरले. पण शिक्षा होण्याआधी खुनी म्हणण्याचा तोच अधिकार ब्रिस्टलमधल्या एका निवृत्त शिक्षकावरही चालला. २०१०-११ मध्ये एका तरुणीच्या खुनाच्या तपासात त्याला अटक झाली, आणि त्याचे केस व स्वभाव हेच जणू पुरावे म्हणून छापले गेले. तो निर्दोष होता. आठ पत्रांनी त्याला भरपाई दिली, तर ‘मिरर’ आणि ‘सन’ यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड झाला.

ब्रिटनमधील बहुतेक टॅब्लॉइडांवर २०१४ पासून ‘इप्सो’ ही नियामक संस्था देखरेख करते. तिच्या संहितेतील भेदभावाचे कलम फक्त व्यक्तींना लागू होते, समूहांना नाही. ‘द सन’ने नोव्हेंबर २०१५ मध्ये एका सर्वेक्षणाच्या आधारे दर पाच ब्रिटिश मुस्लिमांपैकी एकाला जिहादींबद्दल सहानुभूती असल्याचे छापले. सर्वेक्षणातला प्रश्न मात्र सीरियात लढणाऱ्यांना सामील व्हायला जाणाऱ्या तरुणांबद्दल होता, आणि ‘जिहादी’ हा शब्द त्यात नव्हता. इप्सोने मथळा दिशाभूल करणारा ठरवला, तोही अचूकतेच्या कलमाखाली. एका धर्मसमूहाला संशयित ठरवण्याचा मुद्दा या संहितेच्या कक्षेतच येत नाही. छापील खप घटत असला, तरी ही पाने आता आदल्या रात्रीच दूरचित्रवाणीवर आणि समाजमाध्यमांवर फिरतात. त्यामुळे पत्र विकत न घेणाऱ्यापर्यंत आतला मजकूर न पोहोचता फक्त मथळा पोहोचतो.