रस्ता सुरक्षा शिक्षण, माध्यमिक शाळांतील (सातारा जिल्हा)

पादचारी, सायकलस्वार, एस.टी.चे प्रवासी आणि उद्याचे वाहनचालक या नात्यांनी किशोरवयीन मुलामुलींना रस्त्यावरील धोक्यांची जाण देणारे शालेय शिक्षण. ५ ते २९ वर्षे वयोगटात मृत्यूचे पहिले कारण रस्ते अपघात हेच असल्याचे जागतिक आरोग्य संघटना नोंदवते.

शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडायला मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाहतूक पथकांचा उगम सामान्यतः अमेरिकेत मानला जातो. वर्षाबाबत मात्र एकमत नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन १९२० हे वर्ष सांगते, तर मिनेसोटातील सेंट पॉल शहर फेब्रुवारी १९२१ मधील आपल्या शाळेच्या पथकाकडे बोट दाखवते. मोटारींची संख्या वाढताच ही पथके निरनिराळ्या शहरांत स्वतंत्रपणे उभी राहिली असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. महाराष्ट्रातील शाळांचे रस्ता सुरक्षा दल, म्हणजे आरएसपी (रोड सेफ्टी पॅट्रोल), याच कुळातले.

प्रत्यक्ष वाहन चालवणे शाळेतच शिकवावे काय, हा या विषयातील मोठा वाद आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या डीकॅल्ब परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे १६,००० विद्यार्थ्यांवर झालेल्या चालन-प्रशिक्षणाच्या प्रयोगाचे अर्थ दोन्ही पक्ष वेगवेगळे लावतात. २००१ च्या कॉक्रेन समीक्षेला (उपलब्ध संशोधनांचा एकत्रित आढावा) मात्र अशा प्रशिक्षणाने अपघात घटल्याचा पुरावा आढळला नाही. उलट मुले परवाना लवकर घेतात, असे दिसले. धोका आधी ओळखण्याचा सराव चालनकौशल्याहून मोलाचा, हे मत त्यामुळे वजनदार ठरते.

भारतीय कायदाही मुलांच्या हाती वाहन लवकर देण्याच्या विरुद्ध आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार परवान्याचे वय १८. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी, तीही पालकाच्या लेखी संमतीने. ही तरतूद लूनाच्या काळातली. आजच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पालक सभेत हे कलम मोठ्याने वाचून दाखवलेच पाहिजे.

नववीच्या विज्ञानात गतीचे नियम असतात. त्यांचा खरा उपयोग येथे आहे. ताशी ४० किमी. वेगाची दुचाकी सेकंदाला सुमारे ११ मी. कापते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ११ मी. तिथेच संपतात. घर्षणगुणांक (टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीचे माप) ०·७ धरल्यास कोरड्या डांबरावर थांबायला आणखी ९ मी. लागतात. वेग ६० झाला की हीच अंतरे १७ व २० मी. होतात, एकूण ३७ मी., म्हणजे जवळजवळ तीन कबड्डी मैदानांची लांबी. वेग दीडपट, ब्रेकचे अंतर सव्वादोनपट. याच ६० च्या वेगात ओल्या रस्त्यावर घर्षणगुणांक ०·४ पर्यंत उतरला तर ब्रेकचेच अंतर ३५ मी. भरते. शाळेच्या मैदानावर चुना टाकून ही अंतरे चालत मोजली, की फलकावरची घोषणा जे करत नाही ते होते.

जिल्ह्यात शिरवळ ते कराड असा राष्ट्रीय महामार्ग ४८ (पूर्वीचा ४) जातो आणि लगतच्या गावांतील मुलांना तो ओलांडावा लागतो. खंबाटकी घाटातील वळणांची चर्चा नेहमी होते. शाळकरी मुलांचा रोजचा धोका मात्र उसाच्या रस्त्यांवर अधिक आहे. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर तेव्हा रात्रभर आणि पहाटे धावतात. जानेवारीत साताऱ्याला सूर्य सातनंतर उगवतो. सकाळच्या शाळेची आणि क्लासची मुले अंधारातच सायकलवर निघालेली असतात. रस्ता सुरक्षा अभियानही जानेवारीतच येते. त्या दिवसांत फेरी काढण्याऐवजी आरएसपीच्या मुलांनी शिक्षकांसह कारखान्याच्या आवारात उभ्या ट्रॉल्यांना मागून लाल रिफ्लेक्टर लावावेत आणि आपल्या सायकलींच्या मडगार्डलाही तेच चिकटवावेत.