सात पिढ्यांत नसलेलं अक्षर

नौपाड्यातल्या एका थेरपी सेंटरबाहेर बाकड्यावर आजी बसल्या होत्या. आत चार वर्षांच्या नातवाची स्पीच थेरपी चालू होती. "आमच्याकडे सात पिढ्यांत असं कुणी नाही हो," त्या मला म्हणाल्या. शेजारी सून होती. तिने मोबाइलमधून मान वर केली नाही.

आजींचं म्हणणं बहुधा खरं असेल. त्यातून सुनेच्या माहेरावर ठपका मात्र येत नाही.

आपला जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा आनुवंशिक मजकूर, ही सुमारे ३ अब्ज अक्षरांची पोथी. बीजपेशी (स्त्रीबीज, शुक्राणू) तयार होताना तिची नक्कल उतरवली जाते, आणि नक्कल म्हटली की मुद्राराक्षस आलाच. प्रत्येक बाळात, तुमच्या-माझ्यातही, साधारण ६०-७० अक्षरं अशी असतात की ती आई-बाबा दोघांतही सापडत नाहीत. त्यातली बरीचशी वडिलांकडून येतात, कारण शुक्राणू आयुष्यभर नव्याने बनत राहतात. वडिलांच्या वयाबरोबर चुकाही वाढतात. (हे आजींना सांगायचा मोह आवरला.) बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण 'शिर'चं 'शीर' झालं की डोक्याची रक्तवाहिनी होते. मेंदू घडवणाऱ्या जनुकात अशी चूक पडली तर मुलाचं बोलणं, चालणं, शिकणं अडतं, कधी फिट्स येतात.

२०२४ साली ब्रिटनमधल्या हजारो जीनोमांच्या माहितीतून 'आरएनयू४-२' हे जनुक पुढे आलं. जेमतेम १४१ अक्षरांचं. बोलणं-शिकणं अडलेल्या अनेक मुलांमध्ये नेमक्या एकाच जागी एक अक्षर जास्तीचं घुसलेलं. हे जनुक प्रथिन बनवत नाही. इतर जनुकांच्या संदेशांची काटछाट करणाऱ्या यंत्रणेचा तो एक भाग. नेहमीची एक्झोम तपासणी प्रथिनांचाच मजकूर, म्हणजे पोथीची एक-दोन टक्के पानं वाचते, त्यामुळे हे इतकी वर्षं निसटलं. इथे चूक जवळजवळ नेहमी आईकडून आलेल्या प्रतीत असते, तरी आईच्या स्वतःच्या रक्तात ती नसते!

सुनेने फाइल उघडली. "आमच्या दोघांचंही रक्त मागितलंय. ते कशाला?"

ताळा करायला. बाळात सापडलेलं वेगळं अक्षर आई-बाबांत नसेल तर ते नवं, आणि तेच दुखण्याचं मूळ असण्याची शक्यता वाढते. मग पुढच्या बाळाला धोका साधारण शंभरात एक. शून्य नाही, कारण तीच चूक आई किंवा वडिलांच्या आणखी काही बीजपेशींत दडलेली असू शकते. आते-मामे भावंडांचं लग्न असेल तर वेगळी शक्यताही तपासावी लागते. दोघांच्या सामाईक आजी-आजोबांकडून आलेली एकच चूक नवरा-बायको दोघांत लपलेली असते, त्यांना स्वतःला काही होत नाही आणि दर बाळंतपणाला धोका चारात एक. अशा घरातही सात पिढ्यांत कुणी नसू शकतं.

आजी इतका वेळ ऐकत होत्या. "मग माझं रक्त कधी घेणार?"

आजींचं सहसा लागत नाही.