हृदयतपासणीला पहिल्यांदा येताना

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बरेच जण बसता बसता म्हणतात, "तसं काही नाही डॉक्टर, घरच्यांनी पाठवलंय." मग तपासणी होते, चिठ्ठी लिहून होते आणि दाराशी गेल्यावर मागे वळून सांगतात, "जिना चढताना छातीत जरा भरून येतं, पण ते गॅसचं असणार." खरं तर सगळी तपासणी याच वाक्यापासून सुरू व्हायला हवी होती. म्हणून हे पत्रक. वाट बघत बसला असाल तेवढ्या वेळात वाचून होईल.

नंबर लावून थांबू नये, असं केव्हा?

छातीवर कुणी बसल्यासारखा दाब, दरदरून घाम, जबड्यात, पाठीत किंवा हातात जाणारी कळ, आणि हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत थांबत नसेल, तर आमच्याकडे येऊ नका. १०८ ला फोन करा किंवा अँजिओग्राफीची (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून अडथळा बघण्याची तपासणी) सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल गाठा. आमचं क्लिनिक छोटं आहे, इथे कॅथलॅब, म्हणजे ती तपासणी करायची खोली, नाही. इथे येऊन ईसीजीची पट्टी काढून मग पुढे जाण्यात मोलाचा वेळ जातो. स्वतः स्कूटर चालवत तर मुळीच जाऊ नका. सोडा-लिंबू पिऊन रात्र काढणारे दर थंडीत भेटतात. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा एकदम गळून गेल्यासारखं होऊ शकतं, तेही हलक्यात घेऊ नका.

डॉक्टर आधी मशीनकडे बघणार नाहीत

पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसतं बोलणं असतं. "याला काय बोलायचं, इको करा की," असं काहींना वाटतं. पण कोणती तपासणी लागेल, लागेल की नाही, हे त्या बोलण्यावरूनच ठरतं. "छातीत दुखतं" एवढ्यावर फार कळत नाही. कुठे दुखतं, चालल्यावर दुखतं की बसल्या जागी, थांबलं की किती वेळात कमी होतं, बोट ठेवून जागा दाखवता येते की सगळ्या छातीभर जाणवतं, हे सांगा. एका काकांनी फार छान सांगितलं होतं: "गेल्या दिवाळीला अजिंक्यतारा एका दमात चढलो. आता पहिल्या वळणावर थांबतो, आणि थांबलो की दोन मिनिटांत बरं वाटतं." पुढची अर्धी तपासणी त्या एका वाक्यात झाली.

तंबाखूचं मात्र कुणी सांगत नाही. सिगारेट विचारली की "नाही" म्हणतात, आणि ते खरंही असतं, कारण खिशात चुन्याची डबी असते. बायकांनी मिश्री लावत असाल तर तेही सांगा. सासूबाई सोबत असतील तर त्यांना बाहेर बसायला सांगू, हे आमच्यावर सोपवा.

वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर आवर्जून सांगा. सोबत आलेल्या मुला-मुलींना एक विनंती: आधी आई-बाबांना बोलू द्या. तुम्हाला माहीत असलेलं नंतर नक्की ऐकू.

बीपी

जिना चढून आल्या आल्या मोजलेलं बीपी खरं नसतं. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन या, तुंबलेल्या लघवीनेही बीपी वर जातं. बाही घट्ट वर सरकवण्यापेक्षा हात मोकळा करा. डॉक्टरांना बघूनच ज्यांचं बीपी चढतं, त्यांनी घरी मोजलेल्या आकड्यांची वही आणावी. आम्ही तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

बीपीची रोजची गोळी "तपासणी आहे म्हणून" बंद करू नका. मधुमेहाच्या मंडळींनी उगाच उपाशी येऊ नये. उपाशीपोटीच्या रक्ततपासणीसाठी यायचं असेल तेव्हा आम्ही आदल्या दिवशी फोनवर सांगतो.

कार्डिओग्राम, म्हणजे ईसीजी

छातीवर सहा आणि हातापायांवर चार चकत्या लावतात. शॉक बसत नाही. मशीन शरीरात वीज सोडत नाही, हृदयाचीच वीज टिपतं. पाच मिनिटांत काम होतं. पुढून उघडणारा शर्ट किंवा ब्लाऊज सोयीचा, अंगभर वन-पीस नको. मंगळसूत्र काढायची गरज नाही, बाजूला सरकवलं की चालतं. बायकांची पट्टी आमच्या सिस्टरच काढतात.

एवढं लक्षात ठेवा: पट्टी ही साधारण दहा सेकंदांची नोंद असते. ती नॉर्मल आली म्हणजे हृदयात काहीच दोष नाही असं नव्हे. आणि "पट्टीवरून ब्लॉकेज किती टक्के?" याचं उत्तर कोणताच डॉक्टर देऊ शकत नाही.

टू-डी इको

ही हृदयाची सोनोग्राफी. यंत्र त्याच जातीचं असल्यामुळे खोलीबाहेर गर्भलिंगनिदान होत नसल्याचा बोर्ड आहे. सत्तरीचे आजोबा तो वाचून हसतात. डाव्या कुशीवर झोपवतात, गार जेल लावतात, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. किरणोत्सर्ग नाही, उपाशी राहायला नको.

रिपोर्टमध्ये ईएफ नावाचा आकडा असतो. तो ६०% आला की संध्याकाळी घाबरून फोन येतो: "म्हणजे चाळीस टक्के हार्ट गेलं?" नाही! हृदय प्रत्येक ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती भाग बाहेर ढकलतं, ते त्यात मोजतात. साधारण ५५ ते ७०% म्हणजे उत्तम. शंभर टक्के कुणाचंच नसतं. तसंच "ट्रिव्हियल एमआर" म्हणजे झडपेतून नखाएवढी गळती. ती धडधाकट माणसांतही दिसते. नेटवर शोधत बसण्याआधी आम्हाला विचारा.

टीएमटी, म्हणजे स्ट्रेस टेस्ट

ही सगळ्यांना लागत नाही. ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालवतात, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो, आणि ईसीजी सतत चालू असतो. २२० मधून वय वजा केलं की जो आकडा येतो, त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठोके नेण्याचा प्रयत्न असतो. पन्नाशीच्या माणसासाठी हे साधारण १४५. डॉक्टर शेजारीच उभे असतात. दुखलं, चक्कर आली, की लगेच सांगा. दात-ओठ खाऊन पूर्ण करायची ही शर्यत नाही.

बूट घालून या. साडी नेसून पट्ट्यावर चालता येत नाही, पंजाबी ड्रेस चालेल. दोन-तीन तास आधी पोटभर जेवण नको. ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असेल तर ती घ्यायची की थांबवायची, हे डॉक्टर सांगतील, मनाने ठरवू नका. आणि इथे "पॉझिटिव्ह" म्हणजे आनंदाची बातमी नव्हे. तो शंकेचा इशारा आहे. शंका खरी आहे का, हे पुढे बघावं लागतं. बायकांमध्ये ती बरेचदा खोटीही ठरते.

धडधड अधूनमधून होत असेल तर ठोक्यांची सतत नोंद ठेवणारं छोटं होल्टर मशीन २४ तास अंगावर बांधून देतो. त्या दिवशी आंघोळीला सुट्टी.

अँजिओग्राफी सांगितली तर

ती आम्ही करत नाही, त्यामुळे कोणत्या हॉस्पिटलात जायचं ते तुम्हीच ठरवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर मोकळेपणाने सांगा, आम्हाला राग येत नाही. अँजिओप्लास्टी (फुग्याने अडथळा उघडणं) आणि बायपासचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या उपचार-योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाला, भेटा. स्टेंटच्या (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या) किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, बिलात स्टेंटचा आकडा वेगळा मागून घ्या.

कागदपत्रं

जुन्या चिठ्ठ्या, पट्ट्या, रिपोर्ट सगळं आणा. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर रिकाम्या स्ट्रिप पिशवीत घालून आणा. आयुर्वेदिक काढे, गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्याही त्यात येऊ द्या. वेळ अकराची दिली तरी तातडीचा पेशंट आला की बारा वाजतात, हा आमचा दोष कबूल आहे. मेढा-पाटणकडून येणाऱ्यांनी परतीची एसटी सांगून ठेवली तर नंबर पुढेमागे करतो.

ईसीजीच्या पट्टीला लॅमिनेशन करू नका. तो कागद उष्णतेवर चालतो. मागे एका गुरुजींनी आठ वर्षांच्या पट्ट्या हौसेने लॅमिनेट करून आणल्या, सगळ्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. तशाही त्या दोन-चार वर्षांत पुसट होतात. झेरॉक्स काढून ठेवा, दुकान आमच्या जिन्याखालीच आहे.