उन्हाळ्यात उघडणारी, श्रावणात मिटणारी चीर

आमच्या ओट्यावर भाजी चिरायची सागवानी फळी आहे. तिच्या एका टोकाला चीर आहे. मे महिन्यात त्या चिरेत काडेपेटीची काडी बसते, श्रावणात कागदही शिरत नाही. काही वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात मी ती बुजवली होती. लाकडाचा भुसा चिकटद्रव्यात कालवला, ठासून भरला, वाळल्यावर घासून सपाट केला. काम इतकं साफ झालं की जागा शोधावी लागत होती. पुढच्या उन्हाळ्यात त्या भरणीला लागूनच दुसरी चीर पडली.

माझी चूक भरणीत नव्हती, महिन्यात होती.

लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या बारीक पोकळ नळ्यांची मोळी. झाड जिवंत असताना या नळ्यांच्या पोकळीतही पाणी असतं आणि भिंतींतही. पोकळीतलं पाणी उडून गेलं तरी लाकडाचं माप बदलत नाही. ओलावा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या 28-30 टक्क्यांच्या खाली आला की भिंतींतलं पाणी जाऊ लागतं, आणि तिथून लाकूड आकसतं. ही ये-जा पुढे कधीच थांबत नाही. शंभर वर्षांचं दारही पावसाळ्यात फुगून अडतं ते यामुळेच.

सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. अशा हवेत बराच काळ राहिलेलं लाकूड 5 ते 6 टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. पावसाळ्यात आर्द्रता 75-80 टक्के असली की तेच लाकूड 14 ते 16 टक्क्यांपर्यंत पाणी ओढतं. साग पूर्ण वाळताना खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीच्या दिशेने जेमतेम 2.5 टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. त्यावरून हिशेब केला तर 25 सेंटिमीटर रुंदीच्या फळीत उन्हाळा-पावसाळ्याचा फरक चार मिलिमीटरच्या घरात जातो. तेल लावलेली फळी इतकी हलत नाही, पण हलते.

आता ती भरणी आठवा. मे महिन्यात चीर सर्वात रुंद असताना मी तिच्यात कडक मसाला भरला. पाऊस आला, लाकूड फुगलं, चीर मिटायला निघाली. पण जागा अडलेली. मग भरणीच्या कडेचे तंतू चेपले. चेपलेला तंतू वाळल्यावर आणखी बारीक होतो, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात ताण वाढला आणि लाकूड शेजारी फाटलं. म्हणून चीर बुजवायची तर दिवाळीनंतर, लाकूड ना फार फुगलेलं ना फार आकसलेलं असताना. आमच्याकडे आता तोच नेम आहे.

फळी वाकडी होण्यामागेही पाणीच. धुऊन ओट्यावर आडवी ठेवली की खालची बाजू ओलीच राहते आणि वरची आमच्या कोरड्या वाऱ्याने तासाभरात सुकते. खालची फुगलेली, वरची आकसलेली, मधे खोलगट बशी. सुरी टेकवली की फळी डुगडुगते. उपाय साधा आहे. खोलगट बाजू खाली करून ओल्या फडक्यावर फळी ठेवावी, वर वजन द्यावं, रात्रभर राहू द्यावं. आकसलेल्या बाजूला पाणी मिळतं, ती फुगते, फळी बरीचशी सरळ होते. उन्हात मात्र टाकू नये. आणि यापुढे धुतल्यावर कडेवर उभी ठेवावी, म्हणजे दोन्ही अंगांना वारा सारखा लागतो.

सुरीचे चरे आणि ठोकल्याचे खळगे यांत फरक आहे, आणि मला दुरुस्तीतला हा भाग सर्वात आवडतो. चऱ्यात तंतू तुटलेले असतात. ते सांधत नाहीत, रंध्याने किंवा पॉलिश पेपरने वरचा थर काढावाच लागतो. खळग्यात तंतू फक्त दबलेले असतात. त्यावर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री काही सेकंद टेकवा. वाफ आत शिरते, तंतूंना जोडणारं लिग्निन उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ पडतं, भिंती फुगतात आणि खळगा डोळ्यांदेखत वर येतो. आमच्या फळीवर खोबरं फोडल्याचा नखाएवढा खळगा होता. तीनदा इस्त्री टेकवल्यावर तो बोटाला लागेना.

पेपर 80 नंबरचा, मग 120, मग 220, आणि हात नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. शेवटी फळी पाण्याने पुसून वाळू द्यावी. घासताना चेपलेली लव उभी राहते, हाताला खरखर लागते. ती 220 ने हलकेच उतरवली की पुढे धुताना पुन्हा उठत नाही.

एवढे कष्ट करण्यापेक्षा प्लॅस्टिकची फळी आणावी, ती जास्त स्वच्छ, असं अनेकांना वाटतं. डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हेच तपासलं आणि 1994 मध्ये निष्कर्ष छापले. लाकडावर टाकलेले जंतू आत ओढले गेले, तिथे वाढले नाहीत आणि हळूहळू मेले. सुरीने चरे पडलेलं प्लॅस्टिक मात्र हाताने धुऊन साफ करणं अवघड ठरलं. याचा अर्थ लाकूड धुवायलाच नको असा नाही. मटण-मासळीला वेगळी फळी ठेवावी, हे माझं ठाम मत आहे.

राहिलं तेल. घरात शेंगतेल असतं म्हणून बहुतेक जण तेच चोळतात. जुनी शेंगाचटणी खवट होते तशीच मग फळीही होते, कारण शेंगतेल हवेतला ऑक्सिजन घेतं, बिघडतं, पण वाळत नाही. जवसाचं तेल तोच ऑक्सिजन घेऊन वाळतं. तेलाच्या रेणूत दुहेरी बंध असतात, आणि ऑक्सिजन तिथे कारभार करतो. शेंगतेलात मुख्य असलेल्या ओलिक आम्लात असा एकच बंध असतो. जवसात निम्म्याच्या आसपास असलेल्या लिनोलेनिक आम्लात तीन. तीन ठिकाणी पकड मिळाल्याने रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडाच्या नळ्यांत घट्ट जाळं तयार होतं. आमच्या रब्बीतली करडई यांच्या मधली, तिच्या लिनोलिक आम्लात दोन बंध. घाण्यावरचं करडई तेलही वाळतं, फक्त सावकाश. पूर्वी पांढऱ्या रंगांत ते मुद्दाम वापरत, कारण जवसासारखं पिवळं पडत नाही.

मी खायचं कच्चं जवसतेल लावतो. अगदी पातळ हात, अर्ध्या तासाने जादाचं पुसून घ्यायचं, चार-पाच दिवस थांबायचं, मग पुन्हा. असे तीन हात. रंगाच्या दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारं जवसतेल घेऊ नका. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. एवढं थांबायचं नसेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चालेल. ते वाळत नाही, खवटही होत नाही, फक्त महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं.

जवसतेलाचं फडकं मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर टाकतं. फळीवर ती हवेत निघून जाते, बोळ्याच्या आत साठत राहते, आणि असं फडकं काही तासांत आपोआप पेट घेऊ शकतं. सोलापुरातल्या मे महिन्यात तर पत्र्याच्या खोलीत हा धोका आणखी वाढतो. आमच्याकडे ते फडकं आधी पाण्याच्या बादलीत जातं, मग गच्चीवरच्या तारेवर एकेरी पसरून वाळतं. कडक झालं की मगच कचऱ्यात.